टिकणारा वास

मुलीचं पहिलं वाटोळं मी एका पेनस्टँडनं केलं.

ती तेव्हा सातवीत होती. आम्ही नवीन पनवेलला ज्या सोसायटीत राहतो, तिथं सहा मुलींचा एक घोळका आहे. सगळ्या बारा ते चौदा वर्षांच्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये त्यांचा सिक्रेट सँटा होतो. चिठ्ठ्या उचलायच्या, जिचं नाव निघेल तिला गिफ्ट द्यायचं आणि आपण दिलं हे सांगायचं नाही. सहांतलं एकही घर ख्रिश्चन नाही, पण सोसायटीनं प्लॅस्टिकचं झाड विकत घेतलंय. अकरा महिने ते गणपतीच्या मखराशेजारी, गच्चीवरच्या खोलीत पडून असतं.

माझ्या मुलीच्या वाट्याला घोळक्याची पुढारीण आली होती. मला वाटलं, काहीतरी उपयोगी द्यावं. जुन्या पनवेलच्या बाजारातून मी एक लाकडी पेनस्टँड आणला, वारली चित्रं रंगवलेला. मुलगी "बघ हं आई" एवढंच म्हणाली. तिला माझ्या निवडीवर विश्वास होता. तो शेवटचा.

पुढारणीनं कागद फाडला, पेनस्टँड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "वॉव, माझ्या आजोबांना खूप आवडेल हा." कुणी मोठ्यानं हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, विषय तिथंच संपला असता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मुलीचं नाव पेनस्टँड पडलं. जानेवारीत एका संध्याकाळी सगळ्या बॅडमिंटन कोर्टाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पाच जणींचे फोन एकदम वाजले आणि हिचा वाजला नाही. तेव्हा तिला कळलं, की नवा ग्रुप झालाय आणि आपण त्यात नाही.

ती माझ्यासमोर रडली नाही. जेवताना म्हणाली, "तुला विचारायलाच नको होतं." मग कित्येक महिने तिनं मला काहीच विचारलं नाही. संध्याकाळी ती खिडकीला नाक लावून उभी राहायची आणि खाली त्या पाच जणी एकमेकींच्या कानात बोलत चकरा मारत असायच्या. मी तिला म्हणायचे, अगं, पुस्तक वाच, चित्रं काढ. नवरा म्हणायचा, पोरींचं भांडण आहे, मिटेल. त्याचं बालपण सांगलीकडं, मित्रांच्या गराड्यात गेलेलं. एकटं पाडतात म्हणजे काय करतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी गव्हाणची. बाबा मिठागरावर मुकादम होते. पाचवीपासून मी एसटीनं पनवेलच्या शाळेत यायचे. आमच्या ओटीवर बोंबील, सुकट, वाकट्या असं काही ना काही वाळत असायचं आणि तो वास युनिफॉर्मच्या धाग्यात जाऊन बसायचा. माझ्या बाकावरची मुलगी मी बसले की नाकाला रुमाल लावायची. एकदा तिनं बाकावर खडूनं रेघ मारली. डबा खाताना सगळ्यांच्या पोळ्याभाज्या इकडून तिकडं फिरायच्या, माझा डबा तेवढा माझ्यासमोर. मी घरी कधी बोलले नाही. सहावीत मीच एक उपाय शोधून काढला. पिळलेल्या लिंबाच्या साली हातांना, मानेला, केसांच्या मुळाशी घासायच्या. मोगऱ्याचं अत्तर लावून पाहिलं होतं, त्यानं वास आणखी बिघडतो. माशावर गोड वास चढला की माणसं दूर सरकतात. लिंबू बरं. लिंबू टिकतं.

लग्नानं आडनाव बदललं आणि त्या आडनावाआड मी मजेत लपले. मूळ कुठल्या तुम्ही, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, इकडच्याच, पनवेलच्या. खोटं नाही आणि खरंही नाही. भावाचा फोन आला की मी बाल्कनीचं दार ओढून घेते आणि मग आमची बोली बोलते. रविवारी मासे तळले की खिडक्या बंद, पंखा चालू, मग धूप. ऑफिसला निघताना आजही लिंबाच्या वासाचा स्प्रे मारते. मुलगी हे सगळं बघत मोठी झाली. मी तिला काहीच शिकवलं नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

ती आठवीत गेली त्या वर्षी सोसायटीत एक नवं कुटुंब आलं. जमिनी नव्या शहरात गेल्या, मोबदल्याचा पैसा आला, तशी आमच्या गावांकडची पुष्कळ घरं टॉवरमध्ये चढली, त्यांतलंच हे एक. दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडलेली. बापाचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालायचे. मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी. फोन सगळ्यांपेक्षा भारी, बूट सगळ्यांपेक्षा महाग. घोळक्यानं तिला लगेच सामावून घेतलं, म्हणजे तिच्या पैशांचे पिझ्झे खाल्ले आणि तिची पाठ वळली की नाकं चिमटीत धरली. तिला पाठीमागं बोंबील म्हणायचे. मागल्या कट्ट्यावर नाकानं कांदे सोलत बसलेल्या काही आयासुद्धा तेच म्हणायच्या. "पैसा आला हो, पण..." एवढं म्हणून थांबायच्या. मीही त्या कट्ट्यावर बसायचे. मीही थांबायचे.

डिसेंबर लागला आणि एका संध्याकाळी मुलगी धावत वर आली. गाल लाल झालेले. "आई, मला परत घेतलं!" वर्षभरानं मी तिला असं हसताना पाहिलं. मी देवापुढं दिवा लावला. लाज वाटते सांगायला, पण लावला.

मग कळलं की अट आहे. त्या वर्षी चिठ्ठ्या उचलल्याच नव्हत्या. उचलल्याचं फक्त नाटक झालं. पुढारणीनं कुणाला कोण ते आधीच ठरवलं होतं आणि नव्या मुलीचं नाव माझ्या मुलीच्या हातात ठेवलं होतं. "असं काहीतरी दे, की तिला समजलं पाहिजे," असं सांगितलं होतं. हे मला तेव्हा अर्धंच माहीत होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे उरलेलं अर्धं समजायला मला दुकानात दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आम्ही मॉलमध्ये गेलो. ह्या वेळी मी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती एकेक वस्तू उचलायची आणि खाली ठेवायची. डायरी नको, बोअर. मऊ अस्वल नको, लहान मुलांचं. कॉफीचा मग नको, तो सगळेच देतात. कानातलं नको, ती सोनंच घालते. मोठी पाण्याची बाटली नको, तिच्याकडं तीन आहेत. काय नको ते ती धडाधड सांगत होती आणि मी मागं टोपली घेऊन चालत होते. तेरा वर्षांच्या मुलीच्या मागं आई अशी चालते, जशी मी माझ्या साहेबाच्या मागंसुद्धा कधी चालले नाही.

शेवटी ती अत्तरांच्या कपाटापाशी थांबली.

"हे," ती म्हणाली. "डिओ, बॉडी मिस्ट आणि साबण. पूर्ण सेट."

"छान आहे," मी म्हणाले. "पण तिला आवडेल का?"

"आवडायचा प्रश्न नाही आई. तिला गरज आहे. ती वास मारते."

"कसला?"

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "तुला माहितीये कसला."

मला माहीत होतं. तिथं मी काय काय करू शकले असते! तिचा हात धरून बाहेर काढू शकले असते. म्हणू शकले असते, की अगं, तोच वास तुझ्या आईच्या अंगाला होता, तुझी आजी अजून त्याच वासात झोपते. निदान गप्प तरी बसू शकले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर कट्ट्यावरचे ते पाच फोन होते, एकदम वाजणारे. तिनं गुलाबाची बाटली उचलली होती. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि परत ठेवली.

"गोड वास नको," मी म्हणाले. "माशावर गोड वास बसत नाही, आणखी घाण येते. हा घे, लिंबाचा. हा टिकतो."

मुलीचा चेहरा उजळला. वर्षभरानं तिला माझी निवड पटली होती. "आई, यू आर द बेस्ट," ती म्हणाली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भर दुकानात माझ्या पोटात आनंद झाला.

कागदही तिनंच निवडला. चकचकीत चालत नाही म्हणे आता, साधा खाकी लागतो, आम्ही वह्यांना घालायचो तो. त्यावर सुतळीची गाठ. आत एक कार्ड, त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं, "रोज वापर. प्लीज."

चोवीस तारखेला संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये सहाच्या जागी सात मुली होत्या. आम्ही आया भिंतीकडच्या खुर्च्यांवर. त्या मुलीची आईही आली होती, जरीची साडी, गळाभर सोनं, हातात स्वतः केलेल्या नारळाच्या वड्यांचं ताट. ती प्रत्येकीपुढं ताट धरत होती आणि जी ती डाएटचं कारण सांगत होती. मी एक वडी घेतली. तेवढ्यावरच ती माझ्याकडं पाहून हसली.

तिच्या मुलीनं सुतळी सोडली. कागद न फाडता उघडला, घडी करून बाजूला ठेवला. कार्ड वाचलं. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं मान वर करून एकेकीकडं पाहिलं. पाच मोबाईल तिच्यावर रोखलेले होते आणि माझी मुलगी पुढारणीच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. त्या पोरीला कळलं. तेराव्या वर्षी हे कळायला वेळ लागत नाही. पण ती बहाद्दर म्हणायची. "थँक यू सँटा," म्हणाली, झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर मनगटावर, मानेवर, केसांवर स्प्रे मारून दाखवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तिच्या आईला मात्र काही कळलं नव्हतं. ती पुढं गेली, लेकीचं मनगट नाकाशी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो बाय, किती झ्याक वास हाय! कोनी दिला गो?"

मुलींनी तोंडं फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मी हातातली वडी संपवत होते.

पंचवीस तारखेला दुपारी पुढारीण आणि तिची एक मैत्रीण आमच्या घरी आल्या. पेनस्टँडनंतर पहिल्यांदाच. मी सँडविच केले, कोल्ड्रिंक आणलं, सोफ्यावरची चादर बदलली. आतल्या खोलीतून माझ्या मुलीचं हसणं येत होतं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होते. मग त्या बाहेर हॉलमध्ये येऊन बसल्या आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात ती बाई. हातात स्टीलचा डबा, वरून फडकं बांधलेला.

"तुमच्याच पोरीनं दिला ना वासाचा? मना कालच समजला," ती म्हणाली. "सिक्रेट-बिक्रेट काय नसतं गो, पोरी बोलतात. हितं आल्यापासून माजे पोरीला कोनी काय दिला नाय. तुमी दिला. आमचेत आलेला हात रिकामा ठेवत नाय. सोडे हायेत, घरचे. वांग्यात टाका."

फडक्यातून वास आलाच होता. सोड्यांचा, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोळंबीचा, खारट आणि दाट. पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मग मागं सोफ्यावर कुणीतरी नाकातून हसल्याचं ऐकू आलं आणि पाणी आटलं.

मी डबा घेतला. पटकन घ्यावा आणि दार लावावं, एवढंच डोक्यात होतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. आमच्याकडच्या बायका अशा बघायला लागल्या की माणसाच्या सात पिढ्या हुडकून काढतात.

"कुनाची गो तू?" तुमी गेलं आणि तू आलं. "तू गव्हानची हाय ना? तुजा बापूस मिठागरावर मुकादम व्हता. माजी मावशी तुमचे आळीतच दिलेली. सेम आयशीचा तोंड हाय तुजा!"

केवढ्या आनंदानं म्हणाली ती. तिला त्या आठ मजल्यांत एक आपलं माणूस सापडलं होतं. मी मागं वळून पाहिलं नाही, पण माझी मुलगी श्वास धरून बसली आहे हे मला पाठीनं कळलं. तिला तिचं आजोळ माहीत होतं. दर सुट्टीत ती तिथं जाते, आजीच्या हातचे सोडे बोटं चाटून खाते. त्या दोघींना माहीत नव्हतं.

"नाही हो," मी म्हणाले. माझं मराठी त्या क्षणी इतकं शुद्ध झालं, की मलाच परकं वाटलं. "आमचं मूळ सांगली. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

ती हसतच होती, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग हसू हळूहळू उतरलं. तिनं डब्यावरचं फडकं सोडून घ्यायला हात पुढं केला आणि तशीच थोडी माझ्याकडं वाकली. तिथं थांबली. एक दीर्घ श्वास घेतला. सकाळीच मारलेला स्प्रे होता माझ्या अंगावर, लिंबाचा, तोच. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या खांद्यावरून आत सोफ्याकडं पाहिलं, आणि आदल्या संध्याकाळचं सगळं तिला तिथं उंबऱ्यावर उभ्याउभ्या समजलं. मला ते समजताना दिसलं.

"तुला पन लागतो तं," ती हळूच म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल एवढंच.

फडक्याची घडी करत ती लिफ्टकडं गेली.

दार लावून मी वळले. पुढारणीनं नाकाशी हात हलवत विचारलं, "आंटी, हे लोक असं कुणाच्याही घरी येतात?" मी म्हणाले, "काय करणार बेटा." मुली गेल्यावर माझी मुलगी स्वयंपाकघरात आली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, काय मस्त हँडल केलंस!" मला स्वतःची किळस आली. पण तिचे हात काढून टाकावेत असं काही वाटलं नाही. वर्षभरानं आले होते ते हात.

सोडे मी फेकले नाहीत. आठवडाभर, घरी कुणी नसताना, एकटीनं खाल्ले. इतके चांगले सोडे मी माहेराबाहेर कधी खाल्ले नव्हते. मग डबा घासला, लिंबू लावून तीनदा घासला. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात, चार तांदळाचे दाणे घालतात. रिकामा डबा म्हणजे आता येऊ नका. हे सांगलीच्या माणसाला कदाचित चालून जाईल, गव्हाणच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. मी डबा पिशवीत घातला आणि दुपारी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आले. रिकामा.

ती पुन्हा आली नाही. लिफ्टमध्ये भेटली तर दोघी मजल्यांच्या आकड्यांकडं बघायचो. तिची मुलगी नव्या वर्षात खाली खेळायला उतरली नाही. तिला शाळेत न्यायला गाडी यायला लागली आणि मे महिन्यात ते लोक फ्लॅट भाड्यानं देऊन गव्हाणजवळ उलव्याला राहायला गेले. सामान उतरत होतं तेव्हा ती पोर गाडीत बसली होती. काच वर होती. माझ्या मुलीनं वरून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. तिकडं तिच्यासारखेच असतील." आडात होतं तेच पोहऱ्यात आलं, मी कुणाला काय बोलणार?

आता ती नववीत आहे. घोळका अजून आहे, पण पुढारीण बदलली. नाताळची कुठली चिठ्ठी कुणाच्या हातात जायची ते आता माझी मुलगी ठरवते. तिचा फोन सारखा वाजत असतो. हेच मला हवं होतं.

ह्या नाताळला तिनं मलाही गिफ्ट दिलं. पहिल्यांदाच. स्वतःच्या खाऊच्या पैशांतून, बाबांनाही न सांगता आणलेलं. खाकी कागद, सुतळी, सगळं नीट. मी गाठ सोडत होते आणि ती सोफ्याच्या हातावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांत कसलाही खोटेपणा नव्हता, खोचकपणा नव्हता. इतक्या प्रेमानं तिनं माझ्याकडं पाहिल्याला किती वर्षं झाली होती.

आत लिंबाची बाटली होती. मोठी.

"तुझी संपत आली होती ना," ती म्हणाली. "आणि परवा आजीकडं जायचंय. तुला लागतो."

मी कागद न फाडता घडी करून बाजूला ठेवला. थँक यू म्हणाले, झाकण काढलं आणि तिच्यासमोर मनगटावर, मानेवर, केसांवर मारून दाखवला.